संध्याकाळी सातचे युनिट

मे महिन्यात संध्याकाळी सातच्या सुमारास पणजी, पर्वरी, मडगावात घरोघरी एसी सुरू होतात, दिवे लागतात, कळंगुटच्या हॉटेलांत स्वयंपाकघरांची गडबड वाढते. त्याच वेळी देशभरातले सौर पॅनेल जवळजवळ शून्यावर आलेले असतात. गोव्याकडे स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. आपली बहुतेक वीज कोरबा, विंध्याचल यांसारख्या दूरच्या केंद्रांतून येते. दुपारी बाराचे युनिट आणि संध्याकाळी सातचे युनिट मीटरवर सारखेच दिसते, पण सातचे युनिट पुरवताना ग्रीडची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या देशव्यापी जाळ्याची, खरी ओढाताण होते.

मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळावी लागते. मागणी वाढली की जनित्रे किंचित मंदावतात आणि विजेची 50 हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, फ्रिक्वेन्सी घसरते. ती 49.90 ते 50.05 या अरुंद पट्ट्यात राखायची असते. आजवर हा तोल मुख्यतः केंद्रे कमी-जास्त चालवून सांभाळला गेला. मीटर आणि संगणकांच्या जोडीने चालणाऱ्या स्मार्ट ग्रीडमध्ये इमारतीही त्याला हातभार लावतात. भारतात दिवसाचे 15 मिनिटांचे 96 भाग पाडून विजेचे वेळापत्रक आखतात. स्मार्ट मीटर वापराची नोंद अशाच छोट्या भागांत ठेवतो. त्यामुळे कोणत्या वेळी काय चालवायचे, हे इमारतीची यंत्रणा ठरवू शकते.

सर्वांत सोपे उदाहरण पाण्याच्या पंपाचे. गच्चीवरची टाकी दुपारी भरली काय नि रात्री भरली काय, नळाला फरक पडत नाही. गीझर, इलेक्ट्रिक गाडीचे चार्जिंग यांचेही तसेच.

एसीचे मात्र इतके सोपे नाही. चार ते सहाच्या दरम्यान, ऊन असेपर्यंत, भिंती आणि स्लॅब थोडे जास्त थंड करायचे आणि सातनंतर तापमान 24 वरून 26 अंशांपर्यंत सावकाश चढू द्यायचे, ही युक्ती कोरड्या शहरांत छान चालते. गोव्यात आड येतो तो दमटपणा. हवेतल्या वाफेचे लिटरभर पाणी होताना सुमारे 0.68 युनिट उष्णता बाहेर पडते. ती खोलीबाहेर टाकायला चांगल्या एसीलाही साधारण 0.2 युनिट वीज लागते. एसी मंदावला आणि दार उघडे राहिले, तर तापमान चढण्याआधीच अंग चिकट होते आणि माणूस रिमोटकडे धावतो. म्हणून आपल्याकडच्या यंत्रणेने तापमानाइतकेच आर्द्रतेवर लक्ष ठेवले पाहिजे. पश्चिमेकडे भल्यामोठ्या काचा लावलेली इमारत असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर तिला वाचवू शकत नाही. जाड चिऱ्याच्या भिंती, खोल व्हरांडा, उतरते छप्पर ही इथल्या हवेला ओळखून केलेली बांधणी आहे. ती सोडून काचेच्या मागे लागणे मला पटत नाही.

यामागे पैशाचेही गणित आहे. केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांनुसार सौर तासांतला, म्हणजे दिवसा ऊन असतानाचा, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी, तर कमाल मागणीच्या तासांत व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना किमान 1.2 पट असायला हवा. मोठ्या हॉटेलाला हा फरक नक्कीच जाणवेल.

छतावर सौर पॅनेल बसवलेल्या अनेकांची पावसाळ्यात एक तक्रार असते: झाड पडून लाइन गेली की पॅनेलही बंद. असे मुद्दाम केलेले आहे. पॅनेलची वीज वापरायोग्य करणारा, ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर लाइन मेल्यावरही वीज सोडत राहिला, तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर असेल, तर तो आधी बाहेरच्या लाइनपासून स्वतःला तोडतो आणि मग घरातला फ्रिज नि दिवे चालू ठेवतो. हीच बॅटरी पाऊस नसताना दुपारी भरून संध्याकाळी सातला उपयोगी पडते. नवीन फ्लॅट घेताना बिल्डरला पार्किंगबद्दल विचारतो, तसेच छतावर अशा इन्व्हर्टरची सोय आहे का आणि पंपाला टायमर आहे का, हेही विचारावे.