उंदराला कंपवात कसा झाला

कंपवात म्हणजे पार्किन्सन: हालचाली सांभाळणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत जातात. उंदराला तो आपणहून होत नाही. अभ्यासासाठी तो घडवून आणावा लागतो, आणि त्यासाठी लागतं विष.

या गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. पुढे तिच्या मुळातलं रेसरपीन जगभर गेलं. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचलं, तर ससे जागीच थिजले, कान लोंबले. ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो ते एल-डोपा दिल्यावर तेच कान पुन्हा ताठ! हे १९५७ चं. पण रेसरपीन डोपामिनचा साठा फक्त रिकामा करतं, पेशी मारत नाही. असर उतरला की प्राणी पूर्ववत.

पेशी मारणारं विष हाती आलं १९६८ मध्ये. स्टॉकहोमच्या उर्बन उंगरस्टेट यांनी सहा-हायड्रॉक्सिडोपामिन रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, मेंदूत सोडलं. हा रेणू दिसायला डोपामिनचा भाऊ, त्यामुळे पेशी त्याला आपला समजून आत ओढते आणि आतून जळते. रक्तातून तो मेंदूत शिरत नाही, म्हणून कवटीला बारीक छिद्र पाडून सुई थेट घालावी लागते. द्रावण हवेने खराब होऊ नये म्हणून त्यात चिमूटभर क जीवनसत्त्व. दोन्ही बाजूंना टोचलं तर रॅट खाणंपिणंच सोडतो, म्हणून एकच बाजू. मग डोपामिन बाहेर सोडायला लावणारं अ‍ॅम्फेटामिन दिलं की तो इजा झालेल्या बाजूला गोल गोल फिरत राहतो. डोपामिनसारखंच काम करणारं अ‍ॅपोमॉर्फिन दिलं की उलट्या दिशेला. भांड्यात ठेवलेल्या रॅटच्या या गिरक्या मोजायच्या. इतकं साधं मोजमाप मेंदूविज्ञानात क्वचितच सापडतं.

पुढचं विष कुणी शोधायला गेलं नव्हतं. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी पुतळ्यासारखे ताठरून इस्पितळात आले. घरगुती प्रयोगशाळेत बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी हा रेणू तयार झाला होता, हे विल्यम लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलं. मग हे विष प्राण्यांना देणं आलंच. माकडांना लागू पडलं, रॅटना जवळपास नाही. मराठीत रॅट काय, त्याहून लहान माऊस काय, दोन्ही उंदीरच. प्रयोगशाळेत मात्र हा फरक वर्षानुवर्षांचं काम फुकट घालवू शकतो. शेवटी सी-५७ जातीचा काळा माऊस कामी आला.

या दोन्ही विषांत एक उणीव राहिली. घाव काही दिवसांत पडतो, माणसाचा आजार वर्षानुवर्षं सरकतो. शिवाय रुग्णाच्या पेशींत दिसणाऱ्या प्रथिनांच्या गाठी, ज्यांना लेवी गाठी म्हणतात, या उंदरांत सहसा दिसत नाहीत. २००० मध्ये अटलांटाच्या टिमोथी ग्रीनामायर यांच्या गटाने रोटेनोन वापरलं. हे मुळांपासून काढलेलं कीटकनाशक, मासे मारायलाही वापरलं जाणारं. रॅटच्या शिरेत ते आठवडेच्या आठवडे थेंबाथेंबाने सोडलं, तेव्हा त्या गाठींसारखं काहीतरी दिसलं. पण सगळ्यांत नाही: तेच विष घेऊन काही रॅट ताठरले, काहींच्या डोपामिन पेशी शाबूतच राहिल्या.