किरणोपचार आणि दातांतील फिलिंग

तोंड, घसा व मान यांच्या कर्करोगासाठी किरणोपचार (रेडिएशन) घेतलेल्या रुग्णांच्या दातांतील फिलिंग पुष्कळदा लवकर निकामी होते. किरणांनीच ते झिजवले असावे, असे सहज वाटते; पण फिलिंगचा खरा घात करते ती आटलेली लाळ.

हे उपचार साधारणपणे सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. दर खेपेला सुमारे २ ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक), अशी एकूण मात्रा ६० ते ७० ग्रेपर्यंत जाते. वैद्यकीय साधने किरणांनी निर्जंतुक करताना २५,००० ग्रे वापरण्याची रूढी आहे. त्या मानाने ७० ग्रे धातूच्या किंवा घट्ट झालेल्या कॉम्पोझिटच्या (दाताच्या रंगाच्या रेझिनच्या) फिलिंगला फारसे जाणवत नाहीत. लाळग्रंथी मात्र याहून बऱ्याच कमी मात्रेत सुकतात. मग आम्ल निवळत नाही, दातांना कॅल्शियम व फॉस्फेट परत मिळत नाही आणि हिरडीलगतच्या भागाला व दातांच्या टोकांना कीड लागते. एरवी सहसा न किडणारे खालचे पुढचे दातही यातून सुटत नाहीत. फिलिंग शाबूत, पण त्याच्या कडेचा दात पोखरलेला, असे दृश्य इथे नेहमीचे.

ग्लास आयोनोमर सिमेंट या फिलिंगच्या आणखी एका द्रव्याचे वागणे निराळे आहे. कोरड्या तोंडात ते स्वतः झिजते, त्याचा आकार बिघडतो. मात्र ते फ्लोराइड सोडत असल्याने भोवती नवी कीड कमी लागते. कॉम्पोझिट आणि चांदी (अमाल्गम) आकार टिकवतात, पण रुग्णाने रोज फ्लोराइड जेल लावले नाही तर त्यांच्या कडेने दात किडतो. म्हणून जेल न चुकता लावणे हे कोणते द्रव्य भरले यापेक्षा अधिक मोलाचे. आम्लधर्मी जेल ग्लास आयोनोमरला खाते, त्यामुळे उदासीन सोडियम फ्लोराइडचे जेल निवडावे.

धातूचे फिलिंग उलट किरणांवर परिणाम करते. त्यावर आदळून इलेक्ट्रॉन मागे विखुरतात आणि त्याला टेकलेल्या गालाच्या किंवा जिभेच्या त्वचेला जादा मात्रा बसून तिथे फोड येतात. हे इलेक्ट्रॉन काही मिलिमीटरच जात असल्याने मध्ये तेवढ्या जाडीचा प्लास्टिकचा किंवा मेणाचा थर ठेवला तरी भागते. सीटी स्कॅनवर धातूमुळे उमटणारे पट्टे मात्रेच्या आखणीतही अडचण आणतात.

जास्त मात्रा मिळालेल्या जबड्यातला दात नंतर उपटल्यास हाड मृत होण्याचा धोका असतो. म्हणून न वाचणारे दात उपचारांच्या किमान दोन आठवडे आधी काढतात. नंतर किडलेल्या दाताचे शक्यतो रूट कॅनाल करतात आणि गरज पडल्यास वरचा भाग कापून मुळे जबड्यातच ठेवतात.