लॉसलेस संग्रह आणि फोनमधली प्रत: या दुहेरी व्यवस्थेमागचा इतिहास

संगणकावर फ्लॅक या लॉसलेस, म्हणजे आवाजातले काहीही न गाळता साठवणाऱ्या, फॉरमॅटमधल्या फाईल्सचा मोठा संग्रह आणि फोनमध्ये त्याच गाण्यांची लहान आकाराची प्रत, अशी व्यवस्था अनेक संगीतप्रेमी वर्षानुवर्षे सांभाळत आले आहेत. फोनमध्ये शेकडो जीबी जागा मिळू लागली तरी ती मोडलेली नाही. ती का रुजली, हे समजून घ्यायचे तर सीडीपासून सुरुवात करावी लागते.

सोनी आणि फिलिप्स यांची सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावरचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात, म्हणजे मिनिटाला दहा एमबीहून थोडे जास्त. चकतीवर एवढा पसारा सहज मावत होता, संगणकावर मात्र तो जड पडला. चार मिनिटांचे गाणे ४२ एमबींचे. ५६ केबीपीएसच्या (सेकंदाला ५६ किलोबिट) मोडेमवरून ते उतरवायला, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, एक तास चाळीस मिनिटे लागणार.

यावरचे उत्तर जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत तयार होत होते. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाच्या मर्यादेचाच आधार घेतला. जोरकस स्वर चालू असताना त्याच्या आसपासच्या कंप्रतेतला हलका आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मग तो तेवढ्याच काटेकोरपणे साठवायचा कशाला? या विचारातून घडलेल्या पद्धतीच्या फाईल्सना १९९५ च्या जुलैमध्ये ‘एमपी३’ हे नाव मिळाले. १२८ केबीपीएसला तेच गाणे चार एमबींच्या आत आले आणि तोच मोडेम ते नऊ-दहा मिनिटांत उतरवू लागला. पुढची काही वर्षे संगीत जगभर ज्या वेगाने पसरले, त्याचे मूळ या आकड्यांत आहे.

पण एमपी३ करताना जे गाळले, ते कायमचे गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस असंख्य लोकांनी आपल्या सीडी त्या काळच्या कच्च्या एन्कोडरने (एमपी३ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) रिप केल्या, म्हणजे संगणकावर उतरवल्या, आणि मूळ चकत्या देऊन टाकल्या. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘लेम’ या मुक्त एन्कोडर प्रकल्पाने एमपी३ चा दर्जा पुढे खूप सुधारला. १९९७ मध्ये एएसी या गाळणाऱ्याच पण नव्या फॉरमॅटचे मानक ठरले, २००२ मध्ये व्हॉर्बिस या तशाच फॉरमॅटची पहिली पक्की आवृत्ती आली. मात्र जुन्या फाईल्सना यातल्या कशाचाही फायदा नव्हता. एमपी३ चे एएसी केले तर आधीच्या गाळणीवर दुसरी गाळणी बसते. दर्जा वाढत नाही, आणखी घटतो. ज्यांच्याकडे मूळ शिल्लक होते, त्यांनाच प्रत्येक नव्या फॉरमॅटचा लाभ घेता आला. लॉसलेस संग्रहाचे खरे मोल मला यातच दिसते. ‘ऐकून फरक कळतो का’ या वादात हा मुद्दा नेहमी मागे पडतो.

लॉसलेस पद्धती तोवर नव्हत्या असे नाही. शॉर्टन, वेव्हपॅक, मंकीज ऑडिओ या आधीच्याच. पण टिकला तो फ्लॅक. जॉश कोलसन यांनी त्याची १.० आवृत्ती जुलै २००१ मध्ये प्रसिद्ध केली आणि २००३ मध्ये तो झिफ या मुक्त फॉरमॅट सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आला. त्याचे काम समजायला सोपे आहे: आधीच्या मोजमापांवरून पुढचे काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज जेवढा चुकला तेवढा फरकच लिहून ठेवायचा. फरकाचे आकडे लहान, म्हणून जागा कमी लागते. बहुतेक संगीत मूळ आकाराच्या निम्म्या ते दोन तृतीयांशात बसते. उलगडले की बिटन् बिट मूळचा. शिवाय मूळ आवाजाची एमडी५ खूणही (आवाजाच्या डेटावरून गणित करून काढलेला आकडा) फाईलमध्येच असते, त्यामुळे दहा वर्षांनीही फाईल शाबूत आहे का हे तपासता येते.

फ्लॅक आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अॅपलचा आयपॉडही आला: ५ जीबी, खिशात हजार गाणी. २५ एमबींच्या लॉसलेस फाईल्स भरल्या असत्या तर दोनशेच मावल्या असत्या. २००७ चा पहिला आयफोन ४ आणि ८ जीबींचा होता. म्हणजे मूळ घरी आणि प्रत खिशात, ही विभागणी जागेच्या टंचाईने घडवली.

दुसरी अडचण फॉरमॅटची होती. अॅपलने २००४ मध्ये स्वतःचा लॉसलेस फॉरमॅट, एएलएसी, आणला आणि २०११ मध्ये तो मुक्त केला. अँड्रॉइडने २०११ मध्येच, ३.१ आवृत्तीपासून, फ्लॅक वाजवायला सुरुवात केली. आयफोनवर ती सोय आयओएस ११ बरोबर २०१७ मध्ये आली. त्यामुळे ‘कन्व्हर्ट करणे’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळी कामे येतात. फ्लॅकचे एएलएसी करणे म्हणजे नुसती वेष्टणबदल. कितीही वेळा इकडून तिकडे करा, आवाजातले काही हरवत नाही. फ्लॅकचे एमपी३ किंवा ओपस (आणखी एक गाळणारा फॉरमॅट) करणे ही एकतर्फी वाट आहे. हा भेद न कळल्याने लोक पहिल्याला विनाकारण घाबरतात आणि दुसरे केल्यावर मूळ पुसून टाकतात.

एमपी३ च्या काही जुन्या खोडी प्रत करताना अजूनही भोवतात. तो गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडतो. सलग मैफलीचे तुकडे केलेले असतील तर मध्येच खंड पडतो. लेमने त्या शांततेची नोंद फाईलमध्ये ठेवून तोड काढली, पण ती नोंद वाचणारा प्लेअर हवा. टॅगचेही, म्हणजे फाईलमध्येच लिहिलेल्या शीर्षक-गायक अशा माहितीचेही, तसेच. सर्वांत जुन्या आयडी३ टॅगमध्ये शीर्षकाला फक्त ३० बाइट असत. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्या साठवता येणाऱ्या पद्धतीत, देवनागरीची जेमतेम दहा चिन्हे. फ्लॅकचे टॅग मुळातच यूटीएफ-८.

आता टंचाई सरली, पण ब्लूटूथ आले. त्यातल्या सर्वत्र चालणाऱ्या एसबीसी पद्धतीचा नेहमीचा वरचा दर ३२८ केबीपीएस आहे. फोनमध्ये लॉसलेस असले तरी इयरफोनपर्यंत जाताना गाळणी लागतेच. म्हणून वायरलेस ऐकणाऱ्याने फोनमध्ये सीडीपेक्षाही बारीक मोजमापाच्या २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फाईल्स भरण्यात मला अर्थ वाटत नाही. २०१२ मध्ये मानक झालेला ओपस १२८ ते १६० केबीपीएसला बहुतेकांच्या कानाला मुळासारखाच लागतो. जुन्या कार प्लेअरमध्येही चालायला हवे असेल तर एमपी३ आहेच. त्याच्या पेटंटसाठीचा परवाना कार्यक्रमही फ्राउनहोफरने २०१७ मध्ये बंद केला.

मूळ संग्रह ज्यांनी फ्लॅकमध्ये ठेवला, त्यांच्यासाठी डिसेंबर २०२४ मधली घटना अधिक महत्त्वाची. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने फ्लॅकचा संपूर्ण आराखडा आरएफसी ९६३९ म्हणून प्रसिद्ध केला. आजची सॉफ्टवेअर बंद पडली तरी त्या दस्तऐवजावरून कोणीही नवा डिकोडर (फाईल उलगडणारे सॉफ्टवेअर) लिहू शकेल.