मेलेली जीन आणि जुन्या पाचांची पुनर्भेट: ‘एक्स-फॅक्टर’ची पार्श्वभूमी

मार्व्हलच्या ‘एक्स-फॅक्टर’ या कॉमिकचा पहिला अंक फेब्रुवारी १९८६ ची तारीख घेऊन आला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये ‘एक्स-मेन’ या कॉमिकात प्रोफेसर एक्सच्या शाळेत दाखल केलेले, जन्मजात अद्भुत शक्ती असलेले पहिले पाच विद्यार्थी त्यात पुन्हा एकत्र येत होते: सायक्लॉप्स, बीस्ट, एंजल, आइसमॅन आणि जीन ग्रे. अडचण एवढीच की जीन १९८० मध्येच मेली होती, तीही वाचकांच्या डोळ्यांदेखत.

जीनच्या शक्ती मनाच्या, आणि मनाच्या शक्तींचं वेड कॉमिकवाल्यांना उसनं मिळालं होतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन पाच चिन्हांचे २५ पत्ते घेऊन बसायचा आणि समोरच्याला ते न बघता ओळखायला लावायचा. अंदाजपंचे सरासरी पाच बरोबर येतात. कुणाचे सातत्याने जास्त आले की ऱ्हाइनला त्यात अतींद्रिय ज्ञान दिसायचं. १९३४ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि गाजलं. इतरांच्या प्रयोगांत ते निकाल टिकले नाहीत, पण विज्ञानकथांना त्याचं काय! ‘अस्टाउंडिंग’ या विज्ञानकथा मासिकाचा संपादक जॉन कॅम्पबेल त्याच ड्यूकचा पदवीधर. त्याच्या मासिकात १९४० मध्ये व्हॅन व्होग्टची ‘स्लॅन’ क्रमशः आली. त्यातल्या मनकवड्या माणसांची सामान्य माणसं शिकार करतात. एक्स-मेनचा सांगाडा इथे जवळजवळ तयारच दिसतो. पुढे चमचे वाकवणारा युरी गेलर मार्व्हलच्याच ‘डेअरडेव्हिल’ कॉमिकच्या १९७६ मधल्या एका अंकात चक्क पाहुणा म्हणून झळकला. तो अंक आज हसायलाच वाचावा.

त्याच वर्षी जीनचं नशीब फिरलं. क्रिस क्लेरमाँट १९७५ पासून एक्स-मेन लिहीत होता. त्याच्या कथेत अंतराळयान न्यूयॉर्कच्या जमैका बे खाडीत कोसळतं आणि पाण्यातून जीन ‘फिनिक्स’ होऊन वर येते. पुढे मास्टरमाइंड नावाचा खलपुरुष तिच्या मनात भ्रम पेरतो, तिला हेलफायर क्लब या खलमंडळींच्या टोळीची राणी बनवतो (हा क्लब एका ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या १९६६ मधल्या भागावरून उचललेला), आणि तिचा तोल सुटतो. भुकेल्या फिनिक्सने एक तारा गिळला, त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे ५ अब्ज जीव गेले.

क्लेरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांना शेवटी तिची शक्ती काढून घेऊन तिला साधी बाई म्हणून घरी पाठवायचं होतं. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसला: ५ अब्जांना मारून कुणी घरी कसं जातं? मग अंक १३७ ची शेवटची पानं बदलली आणि जीनने चंद्रावर स्वतःचा जीव दिला. माझ्या मते शूटरचंच बरोबर होतं. मूळ शेवट १९८४ मध्ये वेगळा छापला गेला. तो शेजारी ठेवून वाचला तर किती मिळमिळीत आहे ते कळतं.

‘एक्स-फॅक्टर’ ठरलं तेव्हा पाचवी जागा डॅझलर या गायिकेला द्यायचा विचार होता. पण पुढे लेखक म्हणून नावारूपाला आलेल्या कर्ट ब्युसिककडे एक तोड होती आणि ती तोंडोतोंडी संपादकांपर्यंत पोचली. फिनिक्स म्हणजे जीन नव्हतीच. एका वैश्विक शक्तीने तिचं रूप घेतलं होतं आणि खरी जीन खाडीच्या तळाशी कोशात झोपली होती. पाप धुतलं गेलं, जीन निर्दोष असावी ही शूटरची अट पुरी झाली. मार्व्हलच्याच ‘अॅव्हेंजर्स’ या नायकसंघाने कोश वर काढला, ‘फँटॅस्टिक फोर’ या दुसऱ्या संघाने तो उघडला.

किंमत मात्र जीनचा प्रियकर सायक्लॉप्सने मोजली. क्लेरमाँटने १९८३ मध्ये त्याचं लग्न मॅडलिन प्रायरशी लावून दिलं होतं. ती हुबेहूब जीनसारखी दिसणारी, पण कुठलंही गुपित नसलेली बाई, आणि नायकाने सुखाने निवृत्त व्हावं एवढाच त्यामागचा हेतू. आता जीन जिवंत असल्याची बातमी मिळताच हा गडी बायको आणि तान्ह्या पोराला सोडून निघाला. नायक असा वागला हे अनेक वाचकांना आजही पचलेलं नाही. क्लेरमाँटही भडकला होता.

ही घाण निस्तरायला ‘इन्फर्नो’ ही कथामाला आली, १९८८-८९ मध्ये. मॅडलिन जीनची क्लोन ठरली, तिच्यात मनाच्या शक्ती जाग्या झाल्या, ती गॉब्लिन क्वीन बनून न्यूयॉर्कवर उठली. तिला थोपवायला एक्स-मेन आणि एक्स-फॅक्टर समोरासमोर आले, तेव्हा कुठे जुन्या सहकाऱ्यांना जीन जिवंत असल्याचं कळलं. लढत थरारक आहे, ‘एक्स-फॅक्टर’ची लेखिका लुईझ सायमनसन आणि क्लेरमाँट दोघांनीही जीव ओतलाय. तरी टाकून दिलेल्या बायकोलाच चेटकीण ठरवून नवऱ्याची सुटका केली, हे काही लपत नाही. मॅडलिन मेली.

१९९१ मध्ये पाचही जण मूळ एक्स-मेन संघात परतले. त्या निमित्ताने निघालेल्या नव्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या सुमारे ८० लाख प्रती दुकानदारांनी उचलल्या. तिसऱ्या अंकानंतर क्लेरमाँट, १६ वर्षं लिहून, बाहेर पडला.