गिनी फाउल गोचिडी खातात, पण कोणत्या?

आवारात गोचिडी वाढल्या की गिनी फाउल पाळा, असा सल्ला सर्रास दिला जातो. राखाडी पिसांवर पांढरे ठिपके, पिसे नसलेले डोके आणि त्यावर हाडाचा टोकदार उंचवटा असलेला हा पक्षी मूळचा सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतला. शास्त्रीय नाव न्यूमिडा मेलिॲग्रिस. माणूस त्याला प्राचीन ग्रीक-रोमन काळापासून पाळत आला आहे, तरी त्याचा रानटीपणा फारसा गेलेला नाही. किडींचा बंदोबस्त करायला तो उपयोगी पडतो तो याच स्वभावामुळे, आणि सांभाळायला अवघड जातो तोही त्याचमुळे.

थवा चरायला निघाला की पाहत राहावेसे वाटते. पक्षी बऱ्याचदा शेजारी-शेजारी पसरून पुढे सरकतात आणि गवतात हललेली प्रत्येक गोष्ट चोचीने टिपतात. नाकतोडे, वाळवी, मुंग्या, भुंगेरे, अळ्या, गोगलगाई, जोडीला गवताचे बी आणि कोवळा पाला. कोंबडीच्या मानाने ते माती कमी उकरतात, त्यामुळे वाढलेल्या भाजीपाल्यात सोडले तरी मुळे उघडी पडत नाहीत. नुकत्याच उगवलेल्या रोपांना मात्र जाळी हवीच, कारण पेरलेले बी आणि कोंब त्यांना आवडतात, आणि भुसभुशीत वाफा दिसला की तिथे धूळस्नान ठरलेले. शत्रुकीड आणि मित्रकीड हा भेद त्यांना कळत नाही. कोळी आणि मधमाश्याही चोचीत जातात.

आता गोचिडींकडे वळू. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर लाइम रोग (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जीवाणूजन्य रोग) पसरवणाऱ्या गोचिडीवर झालेला एक अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला. जिथे गिनी फाउल चरत होते, त्या हिरवळींवर प्रौढ गोचिडी कमी सापडल्या. सल्ल्याला बळ मिळाले ते इथून. पुढच्या अभ्यासात मात्र महत्त्वाचा फरक दिसला: प्रौढ गोचिडी घटल्या, पण त्याआधीच्या अवस्थेतल्या, म्हणजे निंफ अवस्थेतल्या गोचिडी घटल्या नाहीत.

याचे कारण पक्ष्याच्या शिकारीच्या पद्धतीत आहे. गिनी फाउल डोळ्यांनी शिकार शोधतो. प्रौढ गोचीड गवताच्या पात्यावर वर चढते आणि पुढचे पाय पसरून एखादे जनावर जवळून जाण्याची वाट पाहते, म्हणजे पक्ष्याच्या नजरेसमोरच येते. निंफ खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि बहुधा सावलीतल्या ओलसर पालापाचोळ्यात राहते. माणसाला लाइम रोगाची लागण बहुतेक वेळा हिच्याचकडून होते, कारण इतकी लहान गोचीड चावलेली लक्षात येत नाही. शिवाय रोगाचे जीवाणू गोचिडीत येतात ते मुख्यतः उंदरांसारख्या लहान प्राण्यांच्या रक्तातून, आणि त्या साखळीला गिनी फाउल फारसा धक्का लावत नाहीत. जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांच्या अंगालाही गोचिडी चिकटतात. आफ्रिकेत गिनी फाउलच्या अंगावर काही जातींच्या गोचिडींच्या लहान अवस्था सापडतात.

म्हणून माझे मत असे: नाकतोडे आणि मोठ्या गोचिडी कमी करायच्या असतील तर गिनी फाउल जरूर पाळावेत, पण केवळ त्यांच्या भरवशावर रोगाची भीती सोडू नये. कुंपणालगतचा पालापाचोळा काढणे, गवत आखूड ठेवणे आणि बाहेरून आल्यावर अंग तपासणे चालूच ठेवावे. पक्षी चरतात तिथे कीटकनाशक फवारू नये, कारण विषारी झालेले किडे त्यांच्याच पोटात जातात.

पाळायचे तर थव्याने पाळावेत. एकटा पडलेला पक्षी साथीदारांना हाका मारत राहतो, आणि ही हाक फार कर्कश असते. अनोळखी माणूस, कुत्रा, साप, काहीही दिसले तरी सगळा थवा गलका करतो. राखणीला हे बरे, पण शेजाऱ्यांचा विचार आधी करायला हवा. नवे पक्षी आणले की लगेच मोकळे सोडले तर ते परत येत नाहीत. काही आठवडे खुराड्यातच ठेवून, रोज संध्याकाळी तिथेच दाणे टाकून जागेची सवय लावावी लागते. एरवी अंधार पडला की ते झाडावर जाऊन बसतात आणि तिथे घुबडाच्या तावडीत सापडतात.

सर्वांत जास्त जीव जातात ते विणीच्या हंगामात. मादी उंच गवतात घरटे लपवते, कधी कधी अनेक माद्या एकाच घरट्यात अंडी घालतात, आणि रात्री जमिनीवर उबवत बसलेली मादी शिकारी प्राण्यांना आयतीच मिळते. अंडी 26 ते 28 दिवसांत फुटतात. पण दवाने भिजलेल्या गवतातून आईमागे धावणारी पिल्ले गारठून मरतात. त्यामुळे अंडी गोळा करून खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात उबवणे चांगले. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 35 अंश सेल्सियस ऊब लागते, कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त प्रथिनांचे खाद्य लागते, आणि जमीन खरखरीत हवी, कारण गुळगुळीत जागेवर त्यांचे पाय फाकतात. पाण्याचे भांडे उथळ ठेवून त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले त्यात बुडत नाहीत.