पांढरीच्या मातीतली पहिली घरे

मराठी मुलखात शेतजमिनीला ‘काळी’ आणि गाव वसलेल्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची जुनी रीत आहे. या नावामागे मातीचा गुणधर्म आहे. माणसे एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, की चुलीतली राख, शेण, भुसा आणि पडलेल्या भिंतींचा चिखल थरावर थर साचत जातो आणि काळ्या रानात राखट रंगाचे टेकाड उभे राहते. जुनी वस्ती शोधणारे पुरातत्त्वज्ञ आधी अशा टेकाडांकडेच वळतात.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामात शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडे झाले. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचे खेडे इतक्या विस्ताराने क्वचितच कुठे अभ्यासले गेले असेल.

पहिले रहिवासी इ. स. पू. १६०० च्या सुमारास येथे आले. त्यांची मातीची भांडी माळव्यातील भांड्यांशी जुळतात, म्हणून या काळाला माळवा काळ म्हणतात. त्यांची बरीचशी घरे मोठी व आयताकृती होती, तर काही जण जमिनीत खड्डा खणून त्यावर छप्पर घालून राहत. भिंती कुडाच्या होत्या, म्हणजे काटक्या-बांबूंच्या ताटीवर चिखल लिंपलेल्या.

असे घर साडेतीन हजार वर्षांनी ओळखायचे कसे, हा प्रश्न मला या विषयात सर्वांत रोचक वाटतो. कूड आणि गवत कुजून जातात, मात्र घराची जमीन राहते. चोपून, पुन्हापुन्हा सारवून घट्ट झालेले तिचे थर खुरपीने हलकेच खरवडताना वेगळे कळतात. जमिनीत रोवलेली मेढ कुजली, की तिच्या खळग्यात भुसभुशीत, वेगळ्या रंगाची माती भरते. असे गोल डाग ओळीने जोडत गेले, की भिंतीची रेषा आपोआप उमटते. त्या रेषेच्या आत चूल आणि धान्य साठवण्याचे खड्डे सापडतात. जळून कोळसा झालेले दाणेही टिकतात, कारण कोळशाला सूक्ष्मजीव सहसा खात नाहीत. त्यांतूनच सातू हे येथील प्रमुख पीक होते, हे कळले. त्याच कोळशातील किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, म्हणून तो किती उरला आहे हे मोजून काळही ठरवता येतो.

घराच्या याच जमिनीखाली लहान मुलांची दफने आढळली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि त्यांत मूल. प्रौढांना पुरताना बहुधा त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मृताने घर सोडून जाऊ नये ही त्यामागची भावना असावी, असा अर्थ अभ्यासक लावतात. आपल्या मृतांना उंबऱ्याच्या आत ठेवणाऱ्या या लोकांविषयी वाचताना मन भरून येते.

इ. स. पू. १४०० नंतरच्या काळाला संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावाचे नाव मिळाले आहे. या जोर्वे काळात गाव भरभराटीला आले. सुमारे पाच मीटर लांब व तीन मीटर रुंद घरे ओळीने बांधली गेली आणि त्यांच्यामध्ये जाण्यायेण्यापुरती मोकळी जागा राखली गेली. कारागिरांची घरे गावाच्या पश्चिम कडेला होती. एक घर पाच खोल्यांचे होते आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते; ते गावप्रमुखाचे असावे.

पुढे इ. स. पू. १००० च्या सुमारास चित्र पालटते. प्रशस्त आयताकृती घरांऐवजी लहान गोल झोपड्यांचे पुंजके दिसू लागतात, गव्हाचे प्रमाण घटते आणि शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. हवामान कोरडे होत गेल्याने शेतीवर पोट भरेना आणि माणसे अर्धवट भटक्या जीवनाकडे वळली, असा निष्कर्ष ढवळीकरांनी मांडला. इ. स. पू. ७०० च्या सुमारास शेवटच्या झोपड्याही ओस पडल्या आणि त्यांच्या सारवलेल्या जमिनींवर पांढरीची माती साचत राहिली.