फर्गिव्हिंग आयर्न नक्की कुठली चूक पोटात घालतं?

गोल्फ खेळायला लागून वर्षभर झालं की क्लबातलं कुणीतरी हमखास सांगतं, अरे तुझी आयर्न्स (धातूच्या हेडच्या, मागे कललेल्या काठ्या; गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात) बदल, फर्गिव्हिंग, म्हणजे चुका सांभाळून घेणारी घे, मग बघ गेम कसा सुधारतो. दुकानात गेलं की समोर डझनभर सेट, सगळेच फर्गिव्हिंग, किमती लाखाच्या आसपास, आणि वर दुकानदार सांगतो की यातलं ७ आयर्न तुमच्या जुन्यापेक्षा वीस यार्ड लांब जाईल. आता यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती हे कळायला अकरावीपुरतं फिजिक्स पुरतं, आणि ते एकदा डोक्यात बसलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही हेही आपोआप कळतं. थोडक्यात सांगायचं तर फर्गिव्हिंग आयर्न दोनच प्रकारच्या चुकांत मदत करतं, बॉल फेसवर (क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूवर) भलत्या जागी लागण्याच्या आणि क्लब बॉलच्या आधी जमिनीत घुसण्याच्या. बाकीच्या चुकांचं बिल आपलं आपल्यालाच भरावं लागतं.

आधी टक्कर कशी होते ते बघू. नियमाप्रमाणे बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो आणि ७ आयर्नचं हेड, म्हणजे काठीच्या टोकाचा धातूचा भाग, साधारण २७० ग्रॅमचं. दोघं एकमेकांना चिकटून असतात ते फक्त अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. तुमच्या-आमच्यासारख्या हौशी माणसाच्या ७ आयर्नवरून बॉल ताशी १६० किलोमीटरच्या आसपास सुटतो असं धरलं तर त्या अर्ध्या मिलिसेकंदात बॉलवर सरासरी चारशे किलो वजनाएवढा जोर पडतो. एवढ्या वेळात हातांना करण्यासारखं काही उरतच नाही, कारण झटका शाफ्टमधून, म्हणजे काठीच्या दांड्यातून, वर ग्रिपपर्यंत जाऊन परत हेडपर्यंत यायच्या आत बॉल निघून गेलेला असतो. त्यामुळे ग्रिप कितीही आवळून धरा, त्या क्षणापुरतं हेड जणू शाफ्टला जोडलेलंच नाही असं वागतं.

आता बॉल फेसच्या मधोमध न लागता दोन सेंटिमीटर टोच्या, म्हणजे हेडच्या शाफ्टपासून लांबच्या टोकाच्या, बाजूला लागला तर काय होईल? हेड गिरकी घेतं. त्यातून दोन नुकसानं होतात, एक तर काही ऊर्जा हेड फिरवण्यात खर्च होते म्हणून बॉलचा स्पीड कमी होतो, आणि दुसरं म्हणजे बॉल अजून फेसवर असतानाच फेस उघडायला लागतो. ही गिरकी किती असेल हे ठरवणारा जो आकडा त्याला म्हणतात मोमेंट ऑफ इनर्शिया, दुकानात आणि जाहिरातीत नुसतं एमओआय. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात लांब काठी आडवी धरते ना, ते याचसाठी, वजन मधल्यापासून जितकं लांब तितकं ते वळवायला जड. आणि हे लांब असणं वर्गाच्या हिशोबानं मोजलं जातं. २० ग्रॅम धातू मध्यापासून १ सेंटिमीटरवर असेल तर त्याचा वाटा २०, तोच ४ सेंटिमीटरवर नेला तर ३२०, म्हणजे एक ग्रॅमही न वाढवता सोळापट.

हा विचार क्लबच्या हेडमध्ये पद्धतशीर आणला तो कार्स्टन सोल्हाइमनं. जन्म १९११ चा, नॉर्वेतल्या बर्गनचा, लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेत आलेला, पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर. गोल्फ हातात घेतला तो चाळिशी उलटल्यावर आणि पटिंग, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) बॉल होलकडे ढकलणं, काही केल्या जमेना. दुसरा कुणी असता तर कोचकडे गेला असता, हा गॅरेजमध्ये गेला आणि १९५९ मध्ये स्वतःचा पटर (पटिंगचा क्लब) बनवला, ज्यात वजन मधून काढून हील (शाफ्टजवळचं टोक) आणि टो अशा दोन टोकांना वाटून दिलं होतं. बॉल लागला की त्यातून 'पिंग' असा आवाज यायचा, कंपनीचं नावही मग तेच पडलं. १९६७ मध्ये नोकरी सोडून तो पूर्णवेळ याच धंद्यात उतरला आणि तोच हिशोब आयर्नला लावला, मागची बाजू खोदून पोकळ करायची आणि वाचलेला धातू कडेकडेनं फिरवायचा. आज ज्याला कॅव्हिटी बॅक म्हणतात ते हेच. ठोकून घडवलेल्या क्लबमध्ये असा आकार काढणं जिकिरीचं, म्हणून ही हेड्स ओतीव. मेणाचा नमुना करायचा, त्यावर सिरॅमिकचा थर चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत स्टील ओतायचं. १९८२ च्या सुमारास आलेली पिंग आय-२ ही या जातीची सगळ्यात गाजलेली आयर्न्स. दिसायला ओबडधोबड, जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण खपली तुफान. तिच्या फेसवरच्या खाचांवरून अमेरिकन गोल्फ संघटनेशी, म्हणजे यूएसजीएशी कोर्टकचेरी झाली, ती १९९० मध्ये मिटली, पण ती भानगड वेगळी.

आजकाल हेच काम टंगस्टन करतं. टंगस्टनची घनता १९.३, स्टीलची ८ च्या आत, त्यामुळे २० ग्रॅमचं वजन जेमतेम एक घन सेंटिमीटरमध्ये बसतं आणि ते टोच्या अगदी खालच्या कोपऱ्यात लपवता येतं.

मग फरक पडतो किती? आकडे घेऊनच बघू या, कारण इथेच जाहिराती सुसाट सुटतात. समजा एका सडपातळ ब्लेडचा, म्हणजे मागे पोकळी नसलेल्या आयर्नचा, एमओआय २००० आहे आणि एका जाड्याजुड्या कॅव्हिटी बॅकचा ३००० (एकक ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर). बॉल १ सेंटिमीटर बाजूला लागला तर ब्लेडवर स्पीड सुमारे २ टक्के कमी होतो, कॅव्हिटीवर १ टक्क्याच्या थोडा वर. म्हणजे फरक कळणारही नाही. २ सेंटिमीटर बाजूला लागला तर ब्लेडवर ७ टक्के जातात आणि कॅव्हिटीवर ५, फेस उघडतो अनुक्रमे साधारण ३ आणि २ डिग्री. दीडशे यार्डांच्या शॉटवर याचा अर्थ चार-पाच यार्ड आणि थोडी दिशा. एवढ्यात बॉल बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पडायचा तो ग्रीनच्या कडेला पडू शकतो, म्हणजे फायदा आहेच, पण चमत्कार म्हणावा असा नाही. ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या मोठ्या हेडच्या क्लबच्या, एमओआयवर तर नियमातच ५९०० ची मर्यादा घातलीय, आयर्नचं छोटंसं हेड तिच्या जवळपासही जात नाही.

माझ्या मते हौशी माणसाला खरा फायदा होतो तो आडव्या दिशेत कमी आणि उभ्या दिशेत जास्त, आणि याबद्दल दुकानात कुणी फारसं बोलत नाही. बॉलची त्रिज्या २१ मिलिमीटर. फेस उभा असता तर तो बॉलला जमिनीपासून २१ मिलिमीटरवर भेटला असता, पण ७ आयर्नचा फेस ३० डिग्री मागे कललेला असतो, त्यामुळे तो बॉलला भेटतो जेमतेम ११ मिलिमीटरवर. गवत बॉलला जरा उचलून धरतं आणि चांगला खेळाडू क्लब किंचित खाली जाताना मारतो, म्हणून त्याचा बॉल फेसवर थोडा वर लागतो. आपण बॉल उचलायला जातो, क्लब वर येताना लागतो आणि बॉल फेसच्या तळाशी, खालच्या दोन-तीन खाचांवर. हेडचा गुरुत्वमध्य त्याच्या बराच वर राहिला की स्पीडही जातो आणि हाताला झिणझिण्या येतात त्या वेगळ्याच. म्हणून गेम-इम्प्रूव्हमेंट जातीच्या, म्हणजे हौशी लोकांसाठीच्या फर्गिव्हिंग आयर्नमध्ये वजन खाली, सोलमध्ये (हेडच्या तळात) भरतात, फेस पातळ ठेवतात आणि कित्येकांत सोलला एक चीर देतात, म्हणजे फेसचा खालचा भागही थोडा दबून परत उसळतो. खाली लागलेला बॉल निदान उडतो तरी.

आणि सोलची रुंदी! एमओआयच्या आकड्यापेक्षा मी आधी ती बघेन. बॉलच्या आधी क्लब जमिनीत घुसला, ज्याला फॅट म्हणतात, तर अरुंद आणि धारदार सोल फाळासारखा आत जातो आणि बॉल वीस यार्डांवर जाऊन पडतो. रुंद आणि जरा गोलाई असलेला सोल घसरत पुढे सरकतो आणि शॉट निम्मा का होईना वाचतो. पुण्या-मुंबईकडे पावसाळ्यात फेअरवे (ग्रीनपर्यंतचा गवताचा पट्टा) मऊ पडतो तेव्हा हा फरक तर ढळढळीत दिसतो. पण तोच सोल एप्रिल-मेमध्ये, जमीन कडक झालेली असताना, आपटून वर उसळू शकतो आणि लीडिंग एज, म्हणजे फेसची खालची कडा, बॉलच्या पोटात बसते, मग बॉल सरपटत सुटतो. तुमचा स्विंग वरून खाली कुऱ्हाडीसारखा येत असेल, मोठमोठे डिव्हट (गवत-मातीची ढेकळं) निघत असतील, तर रुंद सोल घ्या. गवत नुसतं झाडत जात असाल तर मध्यम रुंदीचा बास.

यात एक मेख आहे. आपल्याकडे क्लब ट्राय करायचे म्हणजे बहुतेक वेळा रेंजच्या, म्हणजे सरावाच्या मैदानाच्या, मॅटवर, आणि मॅटवर फॅट शॉट कळतच नाही कारण क्लब मॅटवर आपटून घसरत बॉलपर्यंत पोचतो. त्यामुळे मॅटवर सगळीच आयर्न्स गुणी वाटतात. जमलं तर डेमो क्लब घेऊन खऱ्या गवतावर दहा-पंधरा बॉल मारून बघा, दुकानदार जरा कुरकुर करेल, करू दे.

आता ते वीस यार्ड. जुन्या सेटमध्ये ७ आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कलल्याचा कोन, ३५-३६ डिग्रीच्या आसपास असायचा, आजच्या गेम-इम्प्रूव्हमेंट सेटमध्ये तो २८ ते ३० असतो. म्हणजे क्लबच्या तळाला ७ लिहिलंय पण आत जवळजवळ जुनं ५ आयर्न आहे, लांब जाणारच की हो. कंपन्यांचं म्हणणं असं की गुरुत्वमध्य खाली गेल्यामुळे बॉल आता जास्तच वर जायला लागला, म्हणून लॉफ्ट कमी केला. ते अर्धं खरं आहे, उरलेलं अर्धं सेल्समनचं. कारण लॉफ्ट कमी झाला की स्पिनही कमी होतो, आणि स्विंग हळू असेल तर बॉल पुरेसा तिरका खाली येत नाही. ग्रीनवर बॉल थांबायला तो साधारण ४५ डिग्री किंवा त्याहून जास्त उतरत्या कोनात पडायला हवा. पीजीए टूरवरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांतल्या) खेळाडूंचा ७ आयर्नचा सरासरी क्लब स्पीड ताशी ९० मैल आणि स्पिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या आसपास, त्यांचा बॉल पडतो आणि दोन टप्प्यांत थांबतो, आपला मात्र ग्रीनवर पडून मागच्या झाडीत. म्हणून लॉन्च मॉनिटरवर, म्हणजे शॉट मोजणाऱ्या यंत्रावर, फक्त डिस्टन्स बघून खूश होऊ नका, डिसेंट अँगल, म्हणजे हाच उतरता कोन, दाखवा म्हणावं.

दुसरा परिणाम सेटच्या खालच्या टोकाला होतो. तिथे वेज असतात, जास्त लॉफ्टचे, जवळच्या शॉटचे क्लब. नवीन पिचिंग वेज आता ४३-४४ डिग्रीचा येतो आणि तुमचा सँड वेज असतो ५६ चा, मधे बारा डिग्रीची दरी, म्हणजे ऐंशी-नव्वद यार्डांचा शॉट मारायला क्लबच नाही. मग ४९-५० चा आणखी एक वेज विकत घ्या. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात त्यामुळे वर कुठलं तरी आयर्न काढावं लागतं, आणि ते ४ आयर्न असू दे. १९-२० डिग्रीचं ४ आयर्न हळू स्विंगला हवेत चढतच नाही, त्याजागी हायब्रिड (आयर्नपेक्षा जाड, मागे फुगीर हेडचा क्लब) घ्या, कारण त्याचा गुरुत्वमध्य फेसपासून बराच मागे असतो आणि बॉल आपसूक वर जातो. टूरवरचेही कित्येक जण वरची आयर्न्स कॅव्हिटीची आणि खालची ब्लेड असा मिक्स सेट वापरतात, तेव्हा यात कमीपणा काही नाही.

आणि स्लाइसचं, म्हणजे बॉल हवेत उजवीकडे वळत जाण्याचं, काय, असं सगळे विचारतात. आयर्नचा बॉल सुरुवातीला कुठल्या दिशेला जाईल हे सुमारे तीन चतुर्थांश फेसच्या दिशेवर ठरतं, आणि हवेत वळेल किती हे फेस आणि स्विंग-पाथ (क्लब ज्या दिशेनं फिरतो ती) यांच्यातल्या फरकावर. बॉल अगदी मधोमध लागला पण फेस २ डिग्री उघडा असेल तर दीडशे यार्डांवर चारेक यार्ड उजवीकडे, वर वळण वेगळं. इथे एमओआय काहीही करत नाही, कारण हेड गिरकी घेतच नाहीये, ते आधीपासूनच चुकीच्या दिशेला बघतंय. ऑफसेट, म्हणजे फेस शाफ्टच्या जरासा मागे ठेवलेला, तो फेस बंद व्हायला थोडा वेळ देतो असं म्हणतात, पण परिणाम छोटाच, आणि ज्याचा बॉल आधीच डावीकडे जातो त्यानं जास्त ऑफसेटच्या वाटेला जाऊच नये. (हे सगळं उजव्या हाताच्या खेळाडूंसाठी, डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

दुकानात जायच्या आधी एक स्वस्त टेस्ट करून घ्या. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला मोठा ठिपका काढा, आणि तो ठिपका फेसकडे करून बॉल मारा. फेसवर शाई उमटते. पुसा, परत मारा, दरवेळी फोटो काढून ठेवा. दहा ठिपके फेसभर आडवे पसरलेले दिसले तर जास्त एमओआयचं हेड तुमच्या कामाचं. सगळे खाली तळाशी दिसले तर खालचा गुरुत्वमध्य आणि रुंद सोल. सगळे हीलकडे, होझलच्या (हेड शाफ्टला जोडणाऱ्या नळीच्या) जवळ गोळा झालेले दिसले तर क्लब बदलून काही होणार नाही, तुम्ही बॉलच्या फार जवळ तरी उभे राहताय किंवा स्विंगमध्ये पुढे झुकताय, कोचला गाठा. आणि सगळे मधोमध एका नाण्याएवढ्या जागेत असतील तर जुनाच सेट वापरा, उगाच खर्च कशाला.

लाय अँगल मात्र नक्की तपासून घ्या, विशेषतः बाहेरून आणलेला किंवा सेकंडहँड सेट असेल तर. क्लब जमिनीवर टेकवल्यावर शाफ्ट किती उभा राहतो तो हा कोन, आणि तो तुमच्या उंचीला आणि हातांच्या लांबीला जुळायला हवा. २ डिग्री जास्त उभा असेल तर टो वर राहते आणि फेस डावीकडे बघतो, दीडशे यार्डांवर तीनेक यार्डांची चूक, तीही प्रत्येक शॉटला. क्लबफिटर हा कोन वाकवून देतो, पण घडवलेलं, म्हणजे फोर्ज्ड हेड सहज वाकतं आणि कडक स्टेनलेसचं ओतीव हेड एक-दोन डिग्रीच्या पुढे कुरकुरतं, कधी होझलपाशी तडकतंही. तेव्हा किती वाकवावं लागेल ते आधी मोजून घ्या, पैसे त्यानंतर द्या.